अमेरिकेतील दिवाणी दाव्यात कंपनीच्या प्रतिनिधीची जबानी कशी घ्यावी

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दाखल होणाऱ्या दिवाणी दाव्यांपैकी फारच थोडे दावे प्रत्यक्ष ज्युरीसमोर पोचतात. उरलेले तडजोडीने मिटतात किंवा सुनावणीपूर्व निकालाच्या अर्जावर संपतात, आणि या दोन्ही वाटांवर कोणाचे पारडे जड ठरेल हे बहुतांशी डिस्कव्हरीच्या, म्हणजे सुनावणीपूर्वी परस्परांकडून माहिती व पुरावे मिळवण्याच्या, टप्प्यात जमवलेल्या जबान्यांवर (वकिलाच्या प्रश्नांना शपथेवर दिलेल्या तोंडी उत्तरांवर) अवलंबून असते. प्रतिपक्ष कंपनी असेल तर त्यात सर्वांत महत्त्वाची जबानी एखाद्या अधिकाऱ्याची वैयक्तिक जबानी नसून खुद्द कंपनीची असते. संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतील नियम ३०(बी)(६) ही सोय देतो. अमेरिकेत वकिली करणाऱ्या मराठी तरुणांना तो नित्य लागतोच. पण अमेरिकी दाव्यांचे काम पाहणाऱ्या मुंबई-पुण्यातील विधी विभागांनाही तो मुळापासून समजलेला असावा, म्हणून हा लेख जबानी घेणाऱ्याच्या बाजूने क्रमाने लिहिला आहे.

१९७० पूर्वी कंपनीच्या एका अधिकाऱ्याला बोलवावे तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसरा तिसऱ्याकडे. जी माहिती कंपनीकडे निश्चित होती ती कोणाही एका माणसाच्या तोंडून बाहेर पडत नसे. ही टोलवाटोलवी थांबवण्यासाठी १९७० मध्ये हा नियम आला. जबानी मागणाऱ्याने विषय लेखी कळवायचे, कंपनीने त्या विषयांवर बोलणारी एक किंवा अनेक माणसे स्वतः नेमायची, आणि त्या माणसांनी कंपनीला ठाऊक असलेली किंवा वाजवी प्रयत्नाने मिळू शकणारी सर्व माहिती सांगायची. ही व्यवस्था खाजगी कंपन्यांप्रमाणेच भागीदारी संस्था, संघटना आणि सरकारी खाती यांनाही लागू आहे.

भारतात शिकलेल्या वकिलाला येथे विचाराची सवय बदलावी लागते. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ११, नियम ५ नुसार न्यायालयाच्या परवानगीने कंपनीच्या अधिकाऱ्याला लेखी प्रश्नावली देता येते, आणि उलटतपासणी होते ती साक्षीदाराने सरतपासणीचे प्रतिज्ञापत्र दाखल केल्यावर. शिवाय मुखत्यारपत्रधारकाने मूळ पक्षकाराच्या वैयक्तिक माहितीतील गोष्टींवर त्याच्या जागी साक्ष देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने जानकी वाशदेव भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या निकालात बजावले आहे. नियम ३०(बी)(६) खाली नेमलेल्या माणसाला मात्र घटनेची स्वतःची काहीही माहिती नसली तरी चालते. त्याने कागद वाचून, सहकाऱ्यांना विचारून, गरज पडल्यास माजी कर्मचाऱ्यांशी बोलून कंपनीचे ज्ञान आत्मसात करून यायचे असते. तयारीचा हा भार कंपनीवर आहे, आणि पुढे येणारा जवळपास प्रत्येक वाद याच भाराभोवती फिरतो.

वेळ ठरवणे

नियम २६(एफ) खालील पक्षकारांची बैठक होण्यापूर्वी साधारणतः डिस्कव्हरी मागता येत नाही. त्या बैठकीनंतर जबानी लगेच घ्यावी की कागदपत्रे हाती आल्यावर, हा पहिला निर्णय असतो. माझे मत स्पष्ट आहे: दाव्यातील मूळ वादाच्या गुणदोषांच्या विषयांवरील जबानी मुख्य कागदपत्रे वाचून झाल्याशिवाय घेऊ नये, कारण ईमेल आणि अहवाल समोर ठेवल्याविना तयारी करून आलेल्या साक्षीदाराकडून मोघम वाक्यांपलीकडे काही मिळत नाही. याला अपवाद एकच विषय आहे. कंपनी आपले अभिलेख कोठे आणि कोणत्या प्रणालीत ठेवते आणि दावा येणार हे कळल्यावर ते नष्ट होऊ नयेत म्हणून तिने काय केले, हे सुरुवातीलाच विचारून घेतले तर पुढची कागदपत्रांची मागणी नेमकी करता येते.

मात्र येथे एक धोका आहे. ज्याची जबानी एकदा झाली त्याची दुसऱ्यांदा घ्यायची तर नियम ३०(ए)(२) नुसार प्रतिपक्षाची संमती किंवा न्यायालयाची परवानगी लागते, आणि अनेक न्यायालये हे बंधन कंपनीच्या जबानीलाही लावतात. त्यामुळे अभिलेखांविषयीची जबानी आधी घ्यायची असेल, तर तेवढ्याने कंपनीची जबानी संपली असे मानले जाणार नाही, हे प्रतिपक्षाकडून लेखी मान्य करून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

विषयसूची लिहिणे

संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक वेळ येथे द्यावा. जबानीच्या दिवशी कितीही कौशल्य दाखवले तरी विषयसूचीत राहिलेली त्रुटी भरून निघत नाही. कारण साक्षीदाराने कशाची तयारी करायला हवी होती हे त्या सूचीवरूनच ठरते, आणि पुढे न्यायाधीशांसमोर वाद गेला तर ते सर्वप्रथम तीच सूची वाचतात. विषय ‘वाजवी नेमकेपणाने’ वर्णिलेले असावेत अशी नियमाची अट आहे.

उदाहरणादाखल असा दावा गृहीत धरू: गोदामात माल हलवणाऱ्या फोर्कलिफ्टचा ब्रेक निकामी होऊन एक कामगार जखमी झाला आहे आणि त्याने उत्पादक कंपनीवर दावा लावला आहे. ‘फोर्कलिफ्टची सुरक्षितता’ असा विषय लिहिला तर त्यावर कोणी कशी तयारी करावी? न्यायालय त्या विषयावर साक्षीदाराच्या अज्ञानाला दोष देणार नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक मॉडेलच्या ब्रेक प्रणालीविषयी १ जानेवारी २०१९ ते अपघाताची तारीख या काळात कंपनीला मिळालेल्या तक्रारी, त्या तक्रारींची नोंद करण्याची पद्धत, प्रत्येक तक्रारीवर झालेला तपास आणि त्या तपासाचा निष्कर्ष.’ यात वस्तू, काळ आणि कृती तिन्ही ठरलेली आहेत. तयारी झाली की नाही हे अशा विषयावर ओळीओळीने तपासता येते.

‘यासह, परंतु एवढ्यापुरते मर्यादित नाही’ ही शब्दरचना सूचीत कोठेही येऊ देऊ नये. कॅन्ससच्या संघीय जिल्हा न्यायालयाने २००० साली रीड विरुद्ध बेनेट या प्रकरणात अशा सैल नोटिशीला अतिव्यापक ठरवले, कारण ज्या यादीला शेवट नाही तिची तयारी करणे कोणालाच शक्य नसते. ‘तुमच्या बचावाच्या समर्थनार्थ असलेली सर्व तथ्ये’ यांसारख्या विषयांपासूनही शक्यतो दूर राहावे. त्यांबाबत न्यायालयांत एकमत नाही, साक्षीदार वकिलाने शिकवलेले उत्तर पाठ म्हणून दाखवतो, आणि तीच माहिती लेखी प्रश्नावलीतून अधिक स्वच्छ मिळते. बचावामागच्या एकेका घटनेवर स्वतंत्र विषय लिहिणे केव्हाही बरे.

विषयांच्या संख्येवर नियमात मर्यादा नाही. पण नियम २६(बी)(१) मधील प्रमाणबद्धतेची कसोटी (मागणी दाव्याच्या गरजेच्या प्रमाणात आहे का) न्यायालय येथेही लावते. साठ-सत्तर विषयांची नोटीस पाठवणाऱ्याला संरक्षक आदेशाच्या (मागणी रोखणाऱ्या किंवा मर्यादित करणाऱ्या न्यायालयीन आदेशाच्या) अर्जाला तोंड द्यावे लागते, आणि त्या वादात त्याचे खरोखर गरजेचे विषयही ओढले जातात. दहा ते पंधरा नेमक्या विषयांत बहुतेक दाव्यांचे काम भागते. त्यांतला एक विषय कागदपत्रांच्या खरेपणासाठी राखून ठेवावा. महत्त्वाचे अहवाल आणि नोंदी कोणी, केव्हा, नेहमीच्या कामकाजाचा भाग म्हणून तयार केल्या का, हे कंपनीच्याच तोंडून वदवून घेतले की पुराव्याच्या नियमांत ऐकीव पुराव्याच्या बंदीला असलेल्या व्यावसायिक नोंदींच्या अपवादाखाली ते कागद दाखल करणे पुढे सोपे जाते.

नोटीस आणि त्यानंतरची चर्चा

नोटिशीत वेळ, स्थळ आणि ध्वनिचित्रमुद्रण होणार असल्यास तसा उल्लेख करावा. सोबत कागद आणण्याची मागणी जोडायची असेल तर पक्षकाराला उत्तरासाठी नियम ३४ मधील ३० दिवस मिळतात, हे लक्षात घेऊन तारीख निवडावी. दाव्यात पक्षकार नसलेल्या कंपनीला नोटीस पुरत नाही. तिला नियम ४५ खाली सबपीना, म्हणजे न्यायालयाच्या अधिकाराने निघणारा हजेरीचा हुकूम, लागतो, आणि प्रतिनिधी नेमणे व विषयांवर चर्चा करणे हे तिचे कर्तव्य असल्याचे त्या सबपीन्यातच लिहावे लागते. स्थळाविषयी वाद झाला तर प्रतिवादी कंपनीची जबानी तिच्या मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी व्हावी याकडे न्यायालयांचा सर्वसाधारण कल असतो. दूरस्थ पद्धतीने घ्यायची तर संमती किंवा आदेश हवा.

प्रतिनिधी कोण असावा हे ठरवण्याचा अधिकार कंपनीचा आहे. ‘सर्वांत जास्त माहिती असलेली व्यक्ती’ पाठवा असा आग्रह संघीय नियमाखाली धरता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयांत कायद्याची भाषा वेगळी असून तेथे त्या विषयावर सर्वांत पात्र व्यक्ती पाठवावी लागते, म्हणून दावा कोणत्या न्यायालयात आहे हे पाहूनच नमुना निवडावा. विशिष्ट अधिकारीच हवा असेल तर त्याला स्वतंत्र वैयक्तिक जबानीसाठी बोलवावे.

१ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने एक पायरी सक्तीची केली. नोटीस देण्यापूर्वी किंवा दिल्यावर लवकरच दोन्ही बाजूंनी विषयांबाबत सद्भावनेने चर्चा केली पाहिजे. अनेकजण ही चर्चा औपचारिकता म्हणून उरकतात, हे मला अतिशय खेदजनक वाटते, कारण विषयसूचीतील संदिग्धता आगाऊ दूर करण्याची याहून चांगली संधी पुढे मिळत नाही. प्रत्येक विषय वाचून दाखवावा, ‘यात तुम्हाला काय अस्पष्ट वाटते’ असे विचारावे, जेथे हरकत रास्त असेल तेथे काळ किंवा व्याप्ती कमी करावी, आणि त्याच दिवशी झालेल्या चर्चेचा गोषवारा ईमेलने पाठवावा. कोणत्या विषयावर कोण बोलणार हे सांगणे नियमाने कंपनीवर बंधनकारक नाही. तरी विचारावे, कारण बहुतेक वकील सांगतात. पुढे साक्षीदार ‘मला हा विषय समजला नव्हता’ म्हणू लागला तर हाच गोषवारा न्यायाधीशांपुढे ठेवता येतो.

कंपनीने नुसत्या लेखी हरकती पाठवून गैरहजर राहिले तर? नियम ३७(डी)(२) नुसार मागणी आक्षेपार्ह होती हे कारण गैरहजेरीसाठी पुरत नाही. संरक्षक आदेशासाठीचा अर्ज न्यायालयात प्रलंबित असावा लागतो. हे प्रतिपक्षाला वेळीच आणि सभ्य भाषेत कळवावे.

तयारी

प्रत्येक विषयासाठी वेगळी फाइल करावी. तिच्या पहिल्या पानावर त्या विषयातून कंपनीच्या तोंडचे कोणते एक वाक्य हवे आहे ते लिहून ठेवावे, कारण नियम ३२(ए)(३) प्रमाणे कंपनीच्या प्रतिपक्षाला, म्हणजे जबानी घेणाऱ्या तुम्हाला, ही जबानी कोणत्याही हेतूसाठी सुनावणीत वापरता येते. साक्षीदार हजर असला तरीही ज्युरीला चित्रफीत दाखवता येते. आमच्या उदाहरणात ते वाक्य असे असेल: ‘अपघातापूर्वी याच ब्रेकबद्दलच्या तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या आणि कंपनीने ग्राहकांना कळवले नाही.’ त्यानंतर त्या वाक्यापर्यंत नेणारे कागद क्रमाने लावावेत. प्रश्न शब्दशः लिहून नेऊ नयेत. कागदावर नजर खिळली की साक्षीदाराचे उत्तर नीट ऐकले जात नाही.

वेळेचा हिशेब करून ठेवावा. एका जबानीला एका दिवसात ७ तास मिळतात. कंपनीने तीन माणसे नेमली तर प्रत्येकासाठी स्वतंत्र ७ तास धरले जातात, परंतु प्रत्येक बाजूला असलेल्या १० जबान्यांच्या मर्यादेत मात्र ही सगळी मिळून एकच जबानी मोजली जाते.

जबानीचा दिवस

शपथ झाल्यावर नोटीस पहिली निशाणी म्हणून दाखल करावी आणि साक्षीदाराला एकेक विषय दाखवून ‘या विषयावर कंपनीच्या वतीने बोलण्यासाठी आपली नेमणूक झाली आहे का’ हे नोंदवून घ्यावे. त्यानंतर तयारीविषयी सविस्तर विचारावे: कोणते कागद पाहिले, कोणाशी बोललात, किती वेळ, कोणत्या नोंदी शोधायला सांगितल्या. वकिलाशी काय बोलणे झाले हे विचारता येत नाही. भेट झाली का, केव्हा आणि किती वेळ, हे मात्र विचारता येते. स्मरण ताजे करण्यासाठी वापरलेले कागद पुराव्याच्या नियम ६१२ खाली मागता येतात, पण ते वकिलाने निवडून दिले असतील तर त्या निवडीलाच संरक्षण असल्याची हरकत येते, म्हणून एखाद्या उत्तराचा आधार कोणता कागद आहे हे आधी निश्चित करून मगच तो मागावा.

कंपनीचे अभियंते किंवा तक्रार निवारणाचे काम भारतात असेल तर हा भाग विशेष फळ देतो. शिकागोत बसलेला प्रतिनिधी तक्रारींच्या नोंदींवर बोलत आहे आणि त्या नोंदी पुण्यातील कर्मचारी सांभाळतात, तर त्याने पुण्यातल्या माणसांशी बोलणे हे वाजवी प्रयत्नांतच मोडते. ‘आपण त्यांना फोन केला का’ या साध्या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर पुढे अर्जात फार उपयोगी पडते. ते काम वेगळ्या उपकंपनीकडे असेल तर तिच्यावर मूळ कंपनीचे कितपत नियंत्रण आहे हेही येथेच विचारून घ्यावे.

मुख्य प्रश्नांत कर्ता कंपनी असावी. ‘तुम्हाला काय वाटते’ असे विचारले की उत्तर व्यक्तीचे होते. ‘कंपनीला ही तक्रार केव्हा मिळाली’ असे विचारले की उत्तर कंपनीचे होते. साक्षीदार ‘मला वाटते’ म्हणू लागला तर दर वेळी शांतपणे विचारावे: ‘हे कंपनीचे उत्तर आहे का?’

आता ‘मला माहीत नाही’ या उत्तराकडे येऊ. नवखा वकील ते ऐकून पुढच्या प्रश्नाकडे जातो, आणि तेथेच जबानीची निम्मी किंमत वाया जाते. तेथे थांबून क्रमाने असे विचारावे. हा प्रश्न अमुक क्रमांकाच्या विषयात येतो हे आपल्याला मान्य आहे का? ही माहिती कंपनीत कोणाकडे असेल? ती कोणत्या नोंदीत सापडेल? आज येण्यापूर्वी आपण त्या व्यक्तीला विचारले का, ती नोंद पाहिली का? पाहायला काही अडचण होती का? आणि शेवटी: म्हणजे आज कंपनीचे उत्तर ‘कंपनीला माहीत नाही’ असे आहे का? या प्रश्नमालेतून दोनच गोष्टी निघू शकतात. एकतर कंपनीने तयारी केली नाही हे सिद्ध होते, नाहीतर शोध घेऊनही कंपनीकडे माहिती नाही हे तिचे शपथेवरचे उत्तर ठरते. दुसऱ्या परिस्थितीत सुनावणीच्या वेळी तिने अचानक तपशीलवार उत्तर आणले, तर ते रोखण्याची मागणी भक्कम आधारावर करता येते. आवाज न चढवता आणि साक्षीदाराला न हिणवता ही मालिका पूर्ण करावी, कारण चित्रफीत ज्युरी पाहणार आहे आणि समोर बसलेला माणूस बहुधा वरिष्ठांनी धाडलेला एक नोकरदार आहे.

सूचीबाहेरचा प्रश्न विचारला तर काय होते यावर मतभेद होते. १९८५ च्या पापारेली निकालात मॅसॅच्युसेट्सच्या जिल्हा न्यायालयाने सूचीबाहेर जाऊ नये असे म्हटले. १९९५ च्या किंग विरुद्ध प्रॅट अँड व्हिटनी निकालाने उलट भूमिका घेतली आणि आज बहुतेक न्यायालये तिच्यामागे आहेत. त्यानुसार प्रश्न विचारता येतो, साक्षीदाराने ठाऊक असेल ते सांगावे, पण ते उत्तर त्याचे वैयक्तिक मानले जाते.

समोरच्या वकिलाच्या हरकती थोडक्यात, वाद न घालता आणि साक्षीदाराला उत्तर न सुचवता घेतल्या जाव्यात असे नियम ३०(सी)(२) सांगतो. उत्तर देऊ नका असे तीनच कारणांनी सांगता येते: गोपनीयतेचा विशेषाधिकार जपण्यासाठी, न्यायालयाने घातलेली मर्यादा पाळण्यासाठी, किंवा जबानी थांबवण्याचा अर्ज करण्यासाठी. ‘हे सूचीबाहेर आहे’ हे त्यांत बसत नाही. ‘तुम्हाला आठवत असेल तरच सांगा’ अशी सूचना वारंवार येऊ लागली तर भांडू नये. ती प्रत्येक वेळी नोंदीत येऊ द्यावी, एकदा नियमाचा हवाला द्यावा, आणि तरीही थांबली नाही तर न्यायाधीशांना दूरध्वनी करण्याची तयारी दाखवावी.

दिवस संपताना, अनुत्तरित विषयांचे क्रमांक उच्चारून जबानी खुली ठेवत असल्याचे नोंदवावे. साक्षीदाराने किंवा पक्षकाराने जबानी संपण्यापूर्वी मागणी केली असेल तर जबानीची लेखी नक्कल तपासून बदल सुचवण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्यात उत्तराचा अर्थच बदलणाऱ्या दुरुस्त्या आल्या तर मूळ उत्तर, दुरुस्ती आणि दिलेले कारण तिन्ही शेजारी ठेवून तपासावीत; अशा दुरुस्त्या किती चालू द्यायच्या यावर वेगवेगळ्या सर्किटची (संघीय अपील न्यायालयांच्या विभागांची) भूमिका वेगळी आहे.

जबानीनंतर

तयारी नसलेला साक्षीदार पाठवणे हे काही परिस्थितींत न येण्यासारखेच आहे. पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९९३ मध्ये रिझोल्यूशन ट्रस्ट कॉर्पोरेशन विरुद्ध सदर्न युनियन या निकालात म्हटले की, माहिती असलेला साक्षीदार उपलब्ध आणि ओळखता येण्याजोगा असताना कंपनीने अनभिज्ञ माणूस नेमला तर ती हजरच राहिली नाही असे समजावे. त्याच न्यायालयाने २००६ मध्ये ब्राझोस रिव्हर ऑथॉरिटी विरुद्ध जीई आयोनिक्स या निकालात तयारीचे हे कर्तव्य पुन्हा ठामपणे मांडले. अर्ज करण्यापूर्वी मात्र प्रतिपक्षाला पत्र लिहून दुसरा साक्षीदार, त्याच्या जबानीचा खर्च आणि तारीख मागावी. न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतात की तुम्ही आपसात प्रयत्न केला का.

कंपनीची जबानी तिला किती बांधते याविषयी अशिलाला अवास्तव आशा दाखवू नये. सातव्या सर्किटने २००१ च्या ए. आय. क्रेडिट विरुद्ध लीजन इन्शुरन्स निकालात स्पष्ट केले की ती न्यायालयीन कबुलीसारखी अंतिम नसते. इतर साक्षीप्रमाणे तिच्याविरुद्ध पुरावा आणता येतो. ज्युरीसमोर मात्र कंपनीने शपथेवर एक सांगून नंतर दुसरे सांगितले हे दाखवण्याची ताकद मोठी असते.

साक्षीदार भारतात असेल आणि कंपनीने त्याला नेमले नसेल, तर मार्ग निराळा आहे. भारत २००७ पासून हेग पुरावा कराराचा (परदेशातून पुरावा मिळवण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) सदस्य आहे आणि त्या मार्गाने विनंतीपत्र, म्हणजे साक्ष नोंदवून देण्याची एका देशाच्या न्यायालयाची दुसऱ्या देशाला विनंती, पाठवता येते. पण अमेरिकी न्यायालयाच्या अधिकारकक्षेत असलेल्या पक्षकार कंपनीबाबत हा करार वापरणे बंधनकारक नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या एरोस्पातियाल निकालात ठरवले आहे. म्हणून अशा दाव्यात आधी कंपनीलाच नियम ३०(बी)(६) ची नोटीस द्यावी, आणि तिच्या उत्तरांतून ज्या विशिष्ट व्यक्तीची गरज उरेल तिच्यापुरतेच विनंतीपत्र मागावे. त्या प्रक्रियेला अनेक महिने लागतात, त्यामुळे डिस्कव्हरीची मुदत संपण्याची तारीख समोर ठेवून कंपनीच्या जबानीचा दिवस ठरवावा.